मॉस्कोच्या परदेशी सुना

सासर आणि माहेर या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते मराठी श्रोत्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही. एका गावाहून शेजारच्या गावी जातानाही ते अंतर पुष्कळ वाटते. मग ते कॉन्स्टॅन्टिनोपलहून कीव्हपर्यंतचे किंवा रोमहून मॉस्कोपर्यंतचे असले, भाषा निराळी, हवा निराळी, क्वचित पंथही निराळा असला, म्हणजे त्या नववधूची स्थिती काय होत असेल? आणि पुढे पती निवर्तून, अज्ञान पुत्राच्या नावाने त्याच परक्या राज्याचा कारभार तिच्या हाती आला, तर तेथील सरदार-दरकदार तिच्याशी कसे वागत असतील?

मध्ययुगीन रशियाच्या इतिहासात अशा स्त्रिया एक-दोन नव्हेत, अनेक होऊन गेल्या. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यात दोन टोके आढळतात. जुन्या बखरकारांनी राज्यावरील कितीतरी अरिष्टांचे खापर त्यांच्या माथी फोडले. पुढच्या काळातील कित्येक लेखकांनी उलट राज्याच्या वैभवाचे सारे श्रेय त्यांना देऊन टाकले. या दोहोंमधून वाट काढून या स्त्रियांनी खरोखर काय केले, आणि त्यांना परक्या म्हणण्यात कोणाचा कोणता हेतू साधत होता, हे आज पाहावयाचे आहे.

प्रारंभ कीव्हपासून केला पाहिजे. मॉस्को तेव्हा उदयासही आले नव्हते. आज युक्रेनची राजधानी असलेले कीव्ह हेच रूस लोकांच्या राज्याचे मुख्य नगर होते. तेथील राजा व्लादिमीर याचा विवाह इ. स. ९८८-८९ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट दुसरा बेसिल याची बहीण आन्ना हिच्याशी झाला. सम्राटाच्या घराण्यात जन्मलेली कन्या परकीयांस द्यावयाची नाही, असा त्या दरबाराचा कडवा बाणा होता. ९६८ मध्ये जर्मन सम्राट पहिला ऑटो याने आपल्या पुत्रासाठी अशी मागणी घातली, तेव्हा त्याच्या वकिलाला विन्मुख परतावे लागले होते. मग कीव्हच्या राजाला ती कशी मिळाली? कारण राजकीय होते. बार्दास फोकास या बंडखोर सेनापतीमुळे बेसिलचे सिंहासन डळमळू लागले होते, आणि व्लादिमीरने पाठविलेल्या सुमारे ६,००० लढवय्यांनी ते सावरले. त्याची किंमत म्हणून बहीण द्यावी लागली. सम्राटाची अट एवढीच की वराने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. आन्ना रडत-रडत, बंदिवासात चालल्याप्रमाणे जहाजात बसली, असे रूस बखरकार सांगतो. तिच्याबरोबर धर्मोपदेशक आले, आणि व्लादिमीरच्या बाप्तिस्म्याबरोबर त्या साऱ्या देशाचे धर्मांतर सुरू झाले. आन्ना १०११ मध्ये मरण पावली.

व्लादिमीरचा पुत्र यारोस्लाव्ह याने १०१९ मध्ये स्वीडनच्या राजाची कन्या इंगेगेर्ड हिच्याशी विवाह केला. उत्तरेकडील गाथांवर विश्वास ठेवला तर ही वधू मोठी व्यवहारचतुर होती. लाडोगा हे व्यापारी नगर तिने स्त्रीधन म्हणून मागून घेतले, आणि तेथील अंमल रॉग्नव्हाल्ड या आपल्या आप्ताकडे सोपविला. पुढे १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या रणांगणावर पडलेला इंग्लंडचा राजा हॅरल्ड याची निराश्रित कन्या गीथा हीदेखील याच घराण्यात सून म्हणून आली. तिच्या पुत्राला रूस लोक म्स्तिस्लाव्ह म्हणत. उत्तरेकडील देशांत मात्र तो आजोबांच्या हॅरल्ड याच नावाने ओळखला जाई.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या स्त्रियांच्या परकेपणाविषयी कीव्हच्या बखरींत फारशी कुरकुर नाही. त्याचे कारण उघड आहे. यारोस्लाव्हच्या एका लेकीने फ्रान्सच्या राजाला, दुसरीने नॉर्वेच्या तर तिसरीने हंगेरीच्या राजाला वरले होते. ज्या घरातील लेकी चारी दिशांना दिल्या जातात, त्या घरात चारी दिशांकडून सुना येणारच. हा देवघेवीचा व्यवहार होता, आणि त्यात कोणास काही विपरीत वाटत नसे.

१२३७ ते १२४० या वर्षांत मंगोलांची धाड आली आणि हे चित्र पालटले. कीव्ह उद्ध्वस्त झाले, पश्चिमेकडील सोयरिकी आटत गेल्या, आणि ईशान्येकडील अरण्यप्रदेशात हळूहळू मॉस्कोचे राज्य वाढू लागले. हे राज्य अंतर्मुख होते. थोड्याशा बोयार सरदारांची घराणी राजाभोवती घट्ट बसलेली असत, आणि राजाशी सोयरीक जुळविणे हाच सत्तेच्या पायरीवर चढण्याचा मार्ग होता. अशा दरबारात परदेशी वधू आली म्हणजे दोन परिणाम घडत. एतद्देशीय घराण्यांपैकी कोणालाही राजाचा सासरा होता येत नसे. म्हणून राजाला ती सोयीची. पण पती गेल्यावर तिची बाजू घेण्यास भाऊबंद जवळ नसत. म्हणून ती दुबळी. मॉस्कोच्या परदेशी सुनांची पुढील सारी कथा या दोन गोष्टींतून उलगडते.

येथे एक प्रश्न साहजिक उद्भवतो. असे जर होते, तर या स्त्रियांच्या हाती कारभार येत तरी कसा असे? त्याचे उत्तर जुन्या रूस कायद्यात आहे. पतीच्या निधनानंतर मुले लहान असतील, तर त्यांचा सांभाळ व मालमत्तेची व्यवस्था विधवा मातेकडे असावी, मात्र तिने पुनर्विवाह करू नये, असे तो कायदा सांगे. राजघराण्यात मालमत्ता म्हणजे राज्यच. त्यामुळे मातेची सत्ता ही दरबाराने केलेली मेहेरबानी नसून लोकमान्य रूढी होती.

या रूढीचा पहिला मोठा लाभ मॉस्कोमध्ये सोफिया हिला मिळाला. ही लिथुएनियाचा प्रबळ राजा व्हिटॉटस याची कन्या. १३९१ मध्ये तिचा विवाह मॉस्कोचा राजा पहिला वासिली याच्याशी झाला. १४२५ मध्ये वासिली वारला तेव्हा त्यांचा पुत्र, दुसरा वासिली, अवघ्या दहाव्या वर्षात होता, आणि गादीवर हक्क सांगणारा चुलता यूरी तयारीतच होता. वासिलीने आपल्या मृत्युपत्रात पत्नी व पुत्र यांचे पालकत्व व्हिटॉटसकडे दिले होते. माहेर परके असले तरी बलाढ्य असले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे. लिथुएनियाच्या सैन्याचा धाक होता तोवर, म्हणजे १४३० मध्ये व्हिटॉटस मरेपर्यंत, यूरीने निकराचा वार केला नाही.

तो वार पुढे झाला, आणि त्याचे निमित्त सोफियाच ठरली. १४३३ मध्ये मुलाच्या लग्नसमारंभात यूरीचा पुत्र वासिली याच्या कमरेला सोन्याचा एक रत्नजडित पट्टा होता. तो राजघराण्याच्या खजिन्यातून पूर्वी लांबविलेला आहे, असे कोणीतरी सांगताच सोफियाने भर समारंभात तो त्याच्या अंगावरून ओढून काढला. अपमानित पाहुणे उठून गेले आणि भाऊबंदकीची जी आग पेटली ती वीस वर्षे विझली नाही. या युद्धात १४४६ मध्ये सोफियाच्या पुत्राचे डोळे काढण्यात आले, आणि ती स्वतः शत्रूच्या कैदेत पडली. तथापि पट्ट्यामुळे युद्ध झाले, हे म्हणणे वरवरचे होय. गादी भावाकडे जावी की मुलाकडे, हा खरा वाद होता, आणि तो पट्ट्याविनाही पेटलाच असता. १४५१ मध्ये तातारांनी मॉस्कोला वेढा घातला तेव्हा आंधळा राजा सैन्य जमविण्यास बाहेर पडला. वृद्ध सोफिया मात्र धर्माध्यक्षांबरोबर शहरातच राहिली. तातार एका रात्रीत निघून गेले. दोन वर्षांनी तिचा अंत झाला. तिच्या लिथुएनियन जन्माची आठवण त्या वेळी कोणास होत असेल असे वाटत नाही.

तिच्यानंतर आलेली दुसरी सोफिया अधिक प्रसिद्ध आहे. कॉन्स्टॅन्टिनोपल १४५३ मध्ये तुर्कांनी जिंकले. त्या तटावर लढताना पडलेला अखेरचा सम्राट कॉन्स्टन्टाइन याची ही पुतणी. तिचे मूळ नाव झोए. तिचा बाप थॉमस पालेओलोग रोमला आश्रयास आला व १४६५ मध्ये वारला. पोरकी मुले पोपच्या आश्रयाने, कार्डिनल बेसारियन यांच्या देखरेखीखाली वाढली. ही कन्या मॉस्कोच्या विधुर राजाला, तिसऱ्या इव्हानला दिली तर तो रोमच्या पंथाकडे वळेल आणि तुर्कांविरुद्ध शस्त्र उचलील, असा पोपचा हिशोब. मॉस्कोचा वकील रोमहून वधूचे चित्र घेऊन आला. रूस लोकांना तोवर संतांच्या पूज्य चित्रांखेरीज दुसरे चित्र ठाऊक नव्हते, म्हणून बखरकाराने त्या तसबिरीलाही देवतांच्या चित्राचाच शब्द वापरला आहे.

१ जून १४७२ रोजी रोममध्ये वराच्या गैरहजेरीत, त्याच्या प्रतिनिधीच्या साक्षीने विधी झाला. पोपने ६,००० सुवर्णमुद्रा आंदण दिल्या, आणि झोए उत्तरेकडे निघाली. आपल्याकडील चौल बंदरात उतरून जुन्नर व बीदर पाहणारा त्व्हेरचा व्यापारी अफानासी निकितीन याच्या प्रवासाचा काळही हाच. म्हणजे मॉस्कोच्या वाटा एकाच वेळी दोन बाजूंनी उघडत होत्या. बाल्टिक समुद्र ओलांडून ती प्स्कोव्ह नगरात पोहोचली, आणि पोपचा हिशोब तेथेच चुकला. रोमच्या अन्नावर वाढलेल्या या मुलीने पूर्वेकडील पंथाप्रमाणे पूज्य चित्रांना वंदन केले. तिच्याबरोबरचा पोपचा प्रतिनिधी पुढे रोमन क्रूस मिरवीत होता. तो क्रूस नगराच्या एका दरवाजाने आत आला तर मी दुसऱ्या दरवाजाने बाहेर जाईन, असे मॉस्कोच्या धर्माध्यक्षांनी राजाला बजावले. क्रूस झाकला गेला, आणि १२ नोव्हेंबर १४७२ रोजी झोए मॉस्कोची राणी सोफिया झाली.

तिच्या नावावर पुढे काय काय जमा झाले! दुतोंडी गरुडाचे राजचिन्ह तिने आणले, क्रेमलिनच्या वास्तू तिने उभारल्या, तातारांचे जोखड तिच्या टोचणीमुळे फेकले गेले, असे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. पुरावा मात्र इतका उदार नाही. दुतोंडी गरुड मॉस्कोच्या राजमुद्रेवर ज्ञात असलेला पहिल्याने दिसतो तो १४९७ मध्ये, म्हणजे विवाहानंतर पंचवीस वर्षांनी. त्यामुळे जर्मन सम्राटाच्या बरोबरीचे आपण आहोत हे दाखविण्यासाठी तो घेतला असावा, असे मानणारे इतिहासकार आहेत. क्रेमलिनमधील महामंदिर बांधणारा बोलोन्याचा स्थपती फिओराव्हान्ती १४७५ मध्ये आला तो राजाने वकील पाठवून, वेतन ठरवून आणला म्हणून. आणि १४८० मध्ये उग्रा नदीच्या काठी तातारांचे सैन्य समोर ठाकले, तेव्हा सोफिया खजिना घेऊन उत्तरेकडे बेलोओझेरोला गेली होती. त्याबद्दल बखरकारांनी तिला कठोर बोल लावले. पण खजिना व मुले सुरक्षित स्थळी हलविणे हा राजाज्ञेचाच भाग असावा, हे उघड आहे.

तिचे खरे झगडे घरातले होते. इव्हानला पहिल्या पत्नीपासून झालेला वडील मुलगा होता; त्याचेही नाव इव्हान. त्याला १४८३ मध्ये मोल्डेव्हियाचा पराक्रमी राजा स्टीफन याची कन्या एलेना दिली. त्याच वर्षी तिला पुत्र झाला. आनंदित आजोबांनी आपल्या प्रथम पत्नीचे अलंकार सुनेला द्यावयाचे ठरविले, तो ते जागेवर नाहीत. सोफियाने त्यांतील काही भावाला आणि काही भाचीला परस्पर देऊन टाकले होते. येथून सासू-सुनेची जी तेढ सुरू झाली तिने राज्याचा वारसा पणाला लावला. १४९० मध्ये वडील मुलगा वारला. आता नातू दिमित्री की सोफियाचा पुत्र वासिली, हा प्रश्न आला. १४९७ च्या अखेरीस वासिलीच्या बाजूचा कट उघडकीस आला. सहा जणांचा शिरच्छेद झाला, आणि सोफियाकडे जडीबुटी घेऊन येणाऱ्या बायकांना रात्रीच्या वेळी मॉस्को नदीत बुडविण्यात आले. ४ फेब्रुवारी १४९८ रोजी दिमित्रीला राज्याभिषेक झाला. चार वर्षांत फासा उलटला. एप्रिल १५०२ मध्ये दिमित्री व त्याची आई कैदेत गेली आणि वासिली युवराज ठरला. सोफिया पुढच्याच वर्षी मरण पावली. एलेना १५०५ मध्ये बंदिवासातच वारली.

या कलहाला परक्या स्त्रीचे कारस्थान म्हणण्याची प्रथा पडली. १५२५ मध्ये राजद्रोहासाठी शिक्षा झालेला बेरसेन नावाचा सरदार म्हणत असे की, सोफिया आपल्या ग्रीकांसह आली आणि आमची भूमी ढवळून निघाली. परंतु नीट पाहिले तर या कलहात दोन्हीही बाजू परक्याच होत्या. एक ग्रीक, एक मोल्डेव्हियन. पाठीशी उभे राहणारे सरदार तेवढे एतद्देशीय होते. बेरसेनचे खरे दुखणेही त्याच्याच तोंडून बाहेर पडले आहे. राजा आता जुन्या सरदारांचा सल्ला न घेता शयनगृहात दोघा-तिघांशी बसून कारभार उरकतो, अशी त्याची तक्रार होती. राजसत्ता वाढली आणि सरदारांचा मान घटला. तो राग राजावर काढणे धोक्याचे. राजाच्या परदेशी आईवर काढणे त्या मानाने सोपे.

सोफियाला स्वतःला काय वाटत होते? तिचे एखादे मनोगत उरलेले नाही. पण १४९९ मध्ये, वारसाचा वाद ऐन रंगात असताना, तिने ट्रिनिटी मठाला एक भरजरी पट अर्पण केला. त्यावरील लेखात ती स्वतःला आधी कॉन्स्टॅन्टिनोपलची राजकन्या म्हणविते आणि मग मॉस्कोची महाराणी. सत्तावीस वर्षे सासरी काढल्यावर, नाहीशा झालेल्या माहेराचे नाव तिने प्रथम लिहिले. दरबारात जो परकेपणा तिला दोष म्हणून चिकटविला जात होता, तोच तिची एकमेव मिळकत होता.

तिचा पुत्र तिसरा वासिली याने पहिल्या विवाहासाठी देशातील कुलीन कन्यांमधून सोलोमोनिया साबुरोवा हिची निवड केली होती. वीस वर्षांत मूल झाले नाही, म्हणून १५२५ मध्ये तिला बळाने मठात धाडून त्याने दुसऱ्या वर्षी एलेना ग्लिन्स्काया हिच्याशी लग्न केले. ग्लिन्स्की घराणे लिथुएनियातून फुटून आलेले, आपला मूळ पुरुष तातार सेनानी ममाय असे सांगणारे. एलेनाची आई सर्बियन. १५३० मध्ये तिला पुत्र झाला. हाच पुढचा भयंकर इव्हान. ३ डिसेंबर १५३३ रोजी वासिली वारला, तेव्हा हा मुलगा तीन वर्षांचा होता आणि त्याची आई पंचविशीच्या आसपास.

मरणापूर्वी वासिलीने काही विश्वासू सरदारांवर कारभाराचा भार टाकला होता. परंतु काही महिन्यांतच सर्व सूत्रे एलेनाच्या हाती आली. तिने दोन्ही दीर, यूरी व आंद्रेई, एकामागून एक कैद केले. दोघेही बंदिखान्यात मेले. स्वतःचा चुलता मिखाईल ग्लिन्स्की याचीही गत तीच झाली. तो पुतणीला तिच्या विश्वासातील सरदार ओबोलेन्स्की याच्याविषयी बोल लावीत असे. हे सारे निष्ठुर होते यात संशय नाही. पण चुलत्याला तुरुंगात घालणारी ही स्त्री परक्या नातलगांचे राज्य आणू पाहत होती, हा आरोप मात्र त्यामुळेच टिकत नाही. आपल्या मुलाच्या गादीआड येणारा, मग तो सासरचा असो वा माहेरचा, तिने दूर केला. त्या काळचा कोणताही पुरुष राजा हेच करी.

आणि कारभार? लिथुएनियाने १५३४ मध्ये बालराजाची संधी साधून युद्ध पुकारले. १५३७ मध्ये तह झाला तो मॉस्कोची फारशी हानी न होता. त्याच लिथुएनियातून एलेनाचे घराणे आले होते, हे विसरू नये. १५३५ ते १५३८ या काळात क्रेमलिनबाहेरील व्यापारी पेठेभोवती विटांचा तट उभा राहिला. इटालियन स्थपती पेत्रोक माली याने तो बांधला.

सर्वांत टिकाऊ काम नाण्यांचे झाले. देशात मॉस्कोचे आणि नोव्हगोरोडचे नाणे निरनिराळ्या वजनांचे चाले. लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढीत. खोटे नाणे पाडणाऱ्यांच्या घशात वितळलेले कथील ओतले तरी तो धंदा थांबेना. १५३५ पासून जुनी कातरलेली नाणी गोळा करून नवी पाडण्यास प्रारंभ झाला. पूर्वी सुमारे २०४ ग्रॅम चांदीतून २६० नाणी निघत. आता ३०० निघू लागली, म्हणजे प्रत्येकी ०.६८ ग्रॅमची. नव्या नाण्यावर भालाधारी स्वार होता. रशियन भाषेत भाल्याला ‘कोप्यो’ म्हणतात. त्यावरून नाण्याला ‘कोपेक’ हे नाव पडले. शंभर कोपेकांचा एक रुबल. सगळ्या देशाला प्रथमच एक नाणे मिळाले. झार गेले, त्यांच्या मागून आलेली राजवटही गेली, पण रुबलाचे शंभर भाग आजही कोपेक या नावानेच मोजले जातात.

४ एप्रिल १५३८ रोजी एलेना अकस्मात मरण पावली. तिला विष घातले, असे जर्मन सम्राटाचा वकील हेर्बरस्टाइन याने लिहून ठेवले आहे. अलीकडे तिच्या अवशेषांची तपासणी झाली, त्यात पाऱ्याचे प्रमाण फार मोठे आढळले. तथापि त्या काळी औषधांत व प्रसाधनांतही पारा असे. त्यामुळे निर्णय सावधपणेच केला पाहिजे. विष सिद्ध होवो न होवो, पुढे काय घडले ते सिद्ध आहे. आठवड्याभरात ओबोलेन्स्की तुरुंगात गेला व तेथेच मेला, आणि राज्य सरदारांच्या टोळ्यांच्या हाती पडले. पोरका इव्हान त्यांच्या भांडणात वाढला. त्या उपेक्षेची चीड त्याने पुढे आपल्या पत्रांतून बोलून दाखविली आणि राज्यकारभारातून तर फारच भयानक रीतीने व्यक्त केली.

ग्लिन्स्कींच्या परकेपणाची वसुली मात्र अजून बाकी होती. जून १५४७ मध्ये मॉस्को आगीत भस्मसात झाले. एलेनाची वृद्ध आई आन्ना माणसांची काळजे काढून पाण्यात भिजवते व ते पाणी रस्त्यांवर शिंपडते, म्हणून आग लागली, असे लोकांत पसरविण्यात आले. आन्ना शहरात नव्हती म्हणून वाचली. तिचा पुत्र यूरी याला जमावाने महामंदिरात गाठून ठार केले. ही अफवा पसरविणाऱ्यांत ग्लिन्स्कींचे प्रतिस्पर्धी सरदार होते. चेटूक, विष आणि परकी रीत हे तीनच आरोप सोफियापासून आन्नापर्यंत पुन्हा पुन्हा दिसतात. आणि दर वेळी ते सत्तेच्या भांडणातच उद्भवतात, शांततेच्या काळात कधी नाही.

या स्त्रियांना निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. त्या सत्तेच्या खेळात उतरल्या आणि त्या खेळाचे निर्दय नियम त्यांनी पाळले. सांगावयाचे ते इतकेच की, त्यांच्याविषयीचा जुना मजकूर वाचताना लिहिणारा कोणत्या बाजूचा होता, हे आधी विचारावे, आणि नंतर बखरीच्या शब्दाबरोबर नाणे, तट व भरजरी पट यांचीही साक्ष काढावी.

तिघींचीही दफने क्रेमलिनमधील एकाच मठात झाली होती. तो मठ १९२९ मध्ये पाडला गेला. तत्पूर्वी तेथील दगडी शवपेट्या शेजारच्या मंदिराच्या तळघरात हलविण्यात आल्या. लिथुएनियाची सोफिया, कॉन्स्टॅन्टिनोपलची सोफिया आणि एलेना ग्लिन्स्काया यांचे अवशेष आजही मॉस्कोच्याच मातीत आहेत.